दहा ग्रॅम

“...पण त्यातला एकही आकडा खोटा नाही. मग त्याला चूक कशी म्हणायची, आत्याबाई?”

आत्याबाई सुपात शेंगदाणे निवडत होत्या. त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला.

“चूक आहे असं मी कुठं म्हटलं?”

“तुम्ही काहीच म्हणत नाही. म्हणून विचारते.”

...

शाल्मली अन्नशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षांपूर्वी या डोंगरावरच्या आश्रमात आली होती, आत्याबाईंजवळ शिकायला. दोन महिन्यांतच तिने शिकवायला सुरुवात केली. आश्रमाच्या शाळेत चाळीस मुले होती. खाऊच्या पाकिटावरचे लेबल कसे वाचायचे आणि दोन पाकिटे एकमेकांशी कशी ताडून पाहायची, हे ती त्यांना शिकवी. तिचे दोन नियम मुलांना तोंडपाठ होते. आधी मागची बाजू वाचायची, मग पुढची. आणि तुलना करायची ती दोन्हीकडच्या शंभर ग्रॅमच्या आकड्यांची.

आश्रमात शेंगदाण्याची चिक्की तयार होई. तिच्या विक्रीवर मुलांचे रात्रीचे जेवण चाले. चिक्कीच्या नव्या पाकिटाचा नमुना शाल्मलीनेच तयार केला होता आणि तो त्याच दिवशी संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘एका वेळच्या खाण्यात साखर फक्त ४ ग्रॅम’. मागे, बारीक अक्षरांत, कोष्टक होते.

सकाळी तिने हा नमुना आणि बिस्किटांचा एक पुडा वर्गापुढे ठेवला. साखर कशात कमी, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळ्या मुलांनी चिक्की लिहिले. सहावीतल्या कावेरीने लिहिले, ‘शंभर ग्रॅममध्ये बिस्किटात पंचवीस, आपल्या चिक्कीत चाळीस.’

शाल्मलीने त्यावर लाल फुली मारली. वर्ग हसला.

“ताई, मागची बाजू वाचायची नव्हती का?” कावेरीने विचारले होते.

“हे आपलं पाकीट आहे, कावेरी.”

त्यानंतर कावेरीने वही आत्याबाईंच्या पुढ्यात आणून ठेवली, ताईंच्या वर्गाला मी येणार नाही एवढे सांगितले आणि ती चिंचेखाली जाऊन बसली. ती अजून तिथेच होती.

“एका वेळचं खाणं म्हणजे किती गं?” आत्याबाईंनी विचारले.

“दहा ग्रॅम.”

“कुणी ठरवलं?”

“ते बनवणाऱ्याला ठरवावं लागतं.”

...

“मी ठरवलं,” शाल्मली म्हणाली.

“काटा आण. आणि चिक्की.”

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आला. ताटलीत चिक्कीच्या चार वड्या आल्या. आत्याबाईंनी एक वडी मोडून तुकडा काट्यावर ठेवला. जास्त भरला. आणखी मोडला. अंगठ्याच्या पेराएवढा उरला तेव्हा काट्यावर दहा दिसले.

“घे. उपास नाही ना आज?”

“नाही.”

“मग हे तुझं एका वेळचं खाणं. खा आणि बोल. मी ऐकते.”

शाल्मलीने तुकडा तोंडात टाकला. चिक्की कालचीच, कुरकुरीत होती.

“पहिली गोष्ट, आपल्या चिक्कीत गूळ आहे, साखर नाही.”

“कोष्टकात काय लिहिलंस?”

“साखर. तसंच लिहावं लागतं. पण आपल्यात शेंगदाणे आहेत, त्यांच्यात मैदा. प्रथिनं आपल्यात दुपटीहून जास्त आहेत. हे कावेरीला दिसत नाही. ती एकच ओळ वाचते.”

“कुठली ओळ वाचायला सांगितली होतीस?”

“...साखरेची.”

“हं.”

“आणि पुढच्या बाजूला चाळीस छापलं तर चिक्की कोण घेईल? सगळ्या कंपन्या असंच करतात. आपण एकट्यांनीच का उघडं पडायचं? पोरांचं जेवण आहे त्यावर, आत्याबाई. हा पेच विद्यापीठात कुणी शिकवला नाही मला.”

ती बराच वेळ बोलली. मुद्दे बिनतोड होते, क्रमही चोख होता. आत्याबाई दाणे निवडत राहिल्या.

उत्तरासाठी शाल्मली थांबली, तेव्हा आत्याबाईंची नजर तिला ताटलीवर दिसली. तिनेही पाहिले.

ताटलीत एकच वडी उरली होती. अर्धी तिच्या हातात होती.

...

तिने हातातली अर्धी वडी हळूच काट्यावर ठेवली. पंधरा. गणितात ती पक्की होती. पोटात किती गेले त्याची बेरीज तिने मनातल्या मनात केली आणि बोलून दाखवली नाही.

“भूक लागली होती,” ती म्हणाली.

“लागणारच. पोरांनाही लागते.”

आत्याबाईंनी नमुना तिच्यापुढे सरकवला.

“यातला हा ‘फक्त’ कुठल्या काट्यावर मोजलास?”

शाल्मलीने लाल पेन उचलले. पुढच्या बाजूची ठळक ओळ तिने एका रेघेत खोडली. कागदावर गुळाचा ठसा उमटला.

“आज छापायला देत नाही. पण खप कमी झाला तर?”

“तर आमटी पातळ होईल. ते पोरांना सांगता येतं.”

...

शाल्मलीने कावेरीची वही उघडली. फुली मोठी होती, खालच्या अक्षरांवरून गेलेली. तिने वही मिटली.

“तिला इथं बोलावू?”

“येईल का?”

“नाही. मीच जाते.”

ती उठली. बोटे चिकट झाली होती. पाण्याच्या रांजणाकडे वळताना ती थबकली.

“तिला काय सांगू, आत्याबाई?”

आत्याबाईंनी सूप मांडीवर ओढले.

“हात धुऊ नकोस. तशीच जा.”