महासंगणक थांबला ती दुपार

"...पण वीज मी चोरतो का, बाई? मीटरवर मोजून घेतो. मग मशीन चालू-बंद करताना ग्रिडला कशाला विचारायचं?"

वसुधाबाई देवस्थळी दोरीवरचे कपडे काढत होत्या. राज्याच्या ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, तोल त्यांनी उभी हयात सांभाळला होता. समोर तणतणणारा निरंजन काळसेकर त्यांचाच विद्यार्थी, आता महासंगणक केंद्राचा संचालक. एखादं गणित सुरू झालं की त्याचं केंद्र आख्ख्या गावाएवढी वीज ओढायचं. गणित संपलं की क्षणात सोडून द्यायचं.

बाईंनी वाळत घातलेला पंचा काढला. एक टोक त्याच्या हाती दिलं.

"ओढ."

त्यानं ओढलं. बाईंनीही पाय रोवून ओढलं. पंचा ताठ झाला.

"आता सोड."

"बाई, तुम्ही पडाल!"

"मग ग्रिडचं काय होत असेल?"

निरंजननं टोक न सोडता हळूहळू सैल केलं.

पुढे मे महिन्यात केंद्रावर पाहुणे जमले होते. दोन ताऱ्यांच्या टकरीचं गणित पडद्यावर ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात ग्रिडच्या नियंत्रण कक्षातून फोन आला.

"साहेब, वीजनिर्मितीचे दोन मोठे संच एकदम बंद पडलेत. पुरवठा कमी पडतोय, फ्रिक्वेन्सी घसरतेय. भार उतरला नाही तर शहराची वीज तोडावी लागेल. जमेल तेवढा उतरवा!"

"जमेल तेवढा नको. आकडा सांगा. कसा उतरवू, तेही सांगा."

गणित झालं होतं तिथवर जपून ठेवलं गेलं. मग फोनवरून सांगितलं जाईल तशी यंत्रांची एकेक रांग शांत होत गेली. पडद्यावरचे तारे एकमेकांपासून हातभर अंतरावर थबकले.

"बिघडलं की काय?" एका पाहुण्यानं विचारलं.

निरंजननं फोन स्पीकरवर टाकला.

"थांबा... थांबा..." पलीकडचा आवाज कापत होता. "फ्रिक्वेन्सी सावरली! चढतेय, साहेब! वाचलं शहर!"

पलीकडे जल्लोष उसळला. तो ऐकून इकडे पाहुणेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले. निरंजनचे डोळे भरून आले.

संध्याकाळी ग्रिडला विचारून, हळूहळू, यंत्र पुन्हा चढवलं. तारे आदळले. तो धावतच बाईंकडे गेला.

"बाई, शहरातला एकही पंखा थांबला नाही! आणि गंमत म्हणजे, आमचं यंत्र तेव्हा जवळजवळ बंद होतं..."

"बंद?" बाई हसल्या. "अरे, आज ते पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं चाललं."