तापीकाठचं शिंग

"...मग त्याला ठेवून घ्यायचं तरी कशासाठी, बाबा?"

वेणीमाधवाने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचंही सांगून टाकलं. पाड्यावरून मठात शिकायला आलेल्या सुकलालची जीभ जड आहे. वर्ष होत आलं, तरी एक स्तोत्र धड येत नाही. "माझं तर मुंजीआधीच सगळं पाठ होतं. त्याला त्याच्या पाड्यावर परत पाठवा, बाबा. उगाच त्यालाही त्रास, मलाही."

सातपुड्याच्या माथ्यावरच्या त्या मठात वेणीमाधव सर्वांत हुशार शिष्य. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी विसरलंच, तर तो आठवण करून देई.

मठाचे गुरू गिरीबाबा यांनी काठी उचलली.

"चल, नदीवर जाऊन येऊ."

मठामागच्या खडकांत एक सांबर उभं होतं. पूर्ण वाढलेला नर, पण शिंगं आखूड, वाळक्या काटक्यांसारखी. वेणीमाधवाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असली सांबरं तिथे रोजच दिसत.

उतार संपून तापीकाठचं रान लागलं, तेव्हा ऊन कोवळंच होतं. पाण्याशी दुसरा नर उभा होता. वेणीमाधव जागीच थांबला. केवढी ती शिंगं! मनगटाएवढी जाड, फाटे आभाळात गेलेले.

"बाबा, याला म्हणतात सांबर! आपल्याकडची ती... नुसती नावाची."

"जात वेगळी असेल."

"छे, जात एकच. फरक जमिनीचा आहे." वेणीमाधवाला हे सांगताना फार बरं वाटलं. "इथे काळी माती, बारमाही पाणी, कंबरभर गवत. आईच्या पोटात असल्यापासून पोषण. वर नुसता कातळ. शिंग वाढणार कशावर?"

"म्हणजे वरच्याचा दोष नाही?"

"त्या बिचाऱ्याचा कसला दोष!"

"आणि खालच्याचा पराक्रम?"

वेणीमाधव हसला. "त्याचा कसला पराक्रम! नदीची कृपा."

बाबांनी काठी वाळूत रोवली.

तेवढ्यात त्या नराने पळसाच्या बुंध्याला डोकं घासलं. एकदा, पुन्हा एकदा. आणि एका बाजूचं शिंग खळकन खाली पडलं. हे दिवस शिंगं गळण्याचेच. नराने मान झटकली. उरलेलं एक शिंग मिरवत, वाकड्या मानेने तो गवतात शिरला आणि चरू लागला.

वेणीमाधव धावला. दोन्ही हातांनी शिंग उचलून घेऊन आला. चांगलंच जड होतं.

"कुणाचं रे?" बाबांनी विचारलं.

"त्याचं."

"विचारून बघ त्याला."

वेणीमाधवाने वळून पाहिलं. नर बराच लांब गेला होता. त्याने मागे बघितलंही नाही.

बाबा वाळूत बसले. "म्हण काहीतरी. तुझा आवाज ऐकून बरेच दिवस झाले."

त्याला तेच हवं होतं. शिंग बाजूला ठेवून त्याने मांडी घातली, डोळे मिटले. स्वच्छ, खणखणीत उच्चार. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. नदीवर धुणं धूत असलेल्या बायकाही हात थांबवून ऐकू लागल्या.

"वा! कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी. आमच्या घरात पाळण्यातल्या पोराच्याही कानावर हेच पडतं."

"छान. आता आजोबांचं बाजूला ठेव. घरचं सगळंच बाजूला ठेव. जे उरेल ते म्हण."

वेणीमाधवाने तोंड उघडलं...

मिटलं.

पुन्हा उघडलं. एक ओळ आठवली, पण ती काकांची होती. दुसरी आठवली, ती आजोबांची. नदी वाहत राहिली. बायकांनी पुन्हा धुणं आपटायला सुरुवात केली. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुकलालच्या घरी पाळण्याजवळ काय म्हणत असतील, हे आपण कधी विचारलंच नाही, हे त्याला आत्ता सुचलं.

तो म्हणाला, "सुकलालला राहू द्या, बाबा. मीच घेईन त्याचा पाठ."

"काय शिकवशील?"

वेणीमाधवाने मान खाली घातली.

"...माहीत नाही."

बाबा काठी टेकत उठले. कपड्यांवरची वाळू झटकली.

"हे मात्र तुझं स्वतःचं."