न तासलेला बिंडा

“मग माझं चुकलं कुठं, अप्पा? तेवढं तरी सांगा.”

चौगुले सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. अप्पा बेलाची पानं निवडत होते.

अप्पा म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या मठाचे जंगम. वय त्र्याऐंशी. मठाला लागून एक चौकोनी दगडी विहीर आहे. एके काळी गावातलं प्रत्येक पोर त्या विहिरीत अप्पांच्या हाताखाली पोहायला शिकायचं. आमचे मुख्याध्यापक भूपाल चौगुले तिथंच शिकले. मी त्यांच्या शाळेत प्रयोगशाळेचं काम पाहतो. त्या रविवारी दुपारी सरांच्या गाडीवर मागे बसून मठात गेलो होतो, म्हणून हे बोलणं माझ्या वहीत उतरलं.

आभाळ भरलेलं होतं. पाऊस येण्याचे दिवस नव्हते, ऊनही नव्हतं.

सर आले होते ते संयोगितासाठी. संयोगिता कुंभार, आमच्या शाळेची बारावीची पहिली. भूगोलात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. तिच्या घरातलं आजवर कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. जूनमध्ये ती शहरातल्या कॉलेजात गेली आणि दिवाळीच्या आधीच बॅग घेऊन परत आली. तेव्हापासून ती घरात भिंतीकडे तोंड करून बसते, असं तिची आई सांगते.

मंगळवारी सकाळी तिची पहिल्या सत्राची परीक्षा सुरू होणार होती. ती बसली नाही तर वर्ष जाणार. वर्ष गेलं तर कॉलेज सुटणार, कारण वडिलांनी स्थळं पाहायला सुरुवात केली होती. अप्पांचा शब्द कुंभार मोडणार नाहीत, हे सरांना ठाऊक होतं. अप्पांनी नुसता निरोप धाडला तरी पुरे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“परत का आली?” अप्पांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. कॉलेजात चाचणी झाली. प्रश्न होता, तुमच्या गावाजवळच्या नदीच्या पात्राचं वर्णन करा. संयोगितानं नदीच्या कार्यावरची टीप लिहिली. सरांनी अकरावीत सांगितलेली, शब्दन् शब्द तीच. तिचं घर नदीपासून शंभर पावलांवर आहे. तिच्या उत्तरात आमची नदी कुठंच नव्हती. टिपेच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘आकृती पान ४६ वर पाहावी.’

प्राध्यापकांनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला. त्यानंतर तिला सगळे ‘पान शेहेचाळीस’ म्हणू लागले.

“शिकवायची अक्कल नाही आणि पोरीला हसतात,” सर म्हणाले.

“ते वाक्य कुणाचं?”

सर थांबले. “माझं. माझ्या वहीत आकृती शेहेचाळीस नंबरच्या पानावर आहे. टीप सांगताना तेवढंही सांगत होतो. मुलं उतरवून घेतात.”

“सगळं उतरवून घेतात?”

“सगळं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. दोन वर्षांत एकाही मुलाला शंका विचारावी लागत नाही. शंका उरतच नाहीत.”

“मेलेल्या माणसालाबी उरत न्हाईत,” अप्पा म्हणाले. तीन पानांचा एक बेल त्यांनी तबकात ठेवला, दोन पानांचा बाजूला टाकला.

सरांना हे लागलं. ते मग शाळेचं सांगू लागले. पहाटे पाचला अभ्यासिका. कुणी आलं नाही तर शिपाई घरी जाऊन उठवून आणतो. कोणता प्रश्न येणार, कोणता सोडायचा, कोणत्या प्रश्नाला किती ओळी, कुठं अधोरेखित करायचं, सारं ठरवून दिलेलं. सलग नऊ वर्षं शंभर टक्के निकाल. आजूबाजूच्या गावचे मुख्याध्यापक पाहायला येतात. बोलता बोलता सरांचा आवाज चढला होता. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी त्या पोरांसाठी स्वतःची पहाट कधी पाहिली नाही, हे मी पाहिलं आहे.

“बारावीनंतर कॉलेजात किती गेले?” अप्पांनी विचारलं.

“बरेच.”

“टिकले किती?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अशा गोष्टी लिहून ठेवतो, हे त्यांना माहीत होतं. खोटं सांगणं मला जमलं नसतं, आणि खरं सांगायला जीभ रेटेना.

“गेल्या तीन वर्षांत एकोणीस गेले,” मी म्हणालो. “अकरा परत आले.”

“संयोगिता धरून?”

“ती धरून बारा.”



सरांनी पिशवीतून एक फाईल काढली. जाड, लाल नाडीची. या वेळी असं होणार नाही, असं ते म्हणाले. दिवाळीची सगळी सुट्टी खर्चून त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अख्खा अभ्यासक्रम मिळवला होता. आधीच्या सहा वर्षांचे पेपर मिळवले होते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. दोनशे बारा पानं. या वेळी आकृत्यासुद्धा त्या त्या पानावर. रोज पहाटे पाचला ते तिला फोन करून उठवणार होते आणि कोणतं पान वाचायचं ते सांगणार होते.

“तिनं काही करायचं नाही,” सर म्हणाले. “फक्त हे घ्यायचं आणि जायचं.”

अप्पांनी फाईल हातात घेऊन तोलली.

“एवढं ओझं घेऊन आलास. गाडी चढ चढली का रं?”

सर हसले नाहीत.

अप्पा फाईल घेऊनच उठले. गुडघ्यावर हात टेकत मठाच्या आतल्या खोलीत गेले. आम्ही मागून गेलो. खोलीत अंधार होता. डोळे सरावल्यावर भिंतीवर खुंट्यांची लांब रांग दिसली. प्रत्येक खुंटीला सुतळीनं एकेक लाकडाचा तुकडा टांगलेला.

ते बिंडे होते. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड कापसासारखं हलकं असतं, बुडत नाही. आमच्याकडे त्याचा ठोकळा पाठीला बांधून पोरांना पाण्यात सोडतात. त्याला बिंडा म्हणतात. पण इथले सगळे बिंडे झिजल्यासारखे होते. कुठला मुठीएवढा, कुठला लिंबाएवढा.

अप्पांनी एक काढून सरांच्या हातावर ठेवला. अंगठ्याएवढा असेल. वर काजळीनं लिहिलेलं अक्षर पुसट झालं होतं. भू.

“वळखलास?”

सरांनी तो फिरवून पाहिला. त्याच्यावर सुरीचे वेडेवाकडे घाव होते. एका बाजूला जास्त तासलेलं, दुसरीकडे तसंच सोडलेलं.

“तुम्ही रोज थोडा तासायचा,” सर हळूच म्हणाले. “आम्हाला कळू न देता.”

“मी कशाला तासू? माझा हात असा वाकडा हाय का?”

सर त्या घावांवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांना आठवलं असावं. ते खाली बसले. दर शनिवारी अप्पा पायरीवर सुरी ठेवायचे, असं ते मला सांगितल्यासारखं बोलले. ज्याचा त्यानं आपला बिंडा तासायचा, म्हणजे पाण्यातला आधार तेवढा कमी. किती तासू, असं विचारलं की अप्पा म्हणायचे, पाण्यात तुला जायचंय. एकदा सरांनी आपला फार तासला होता. गटांगळ्या खाल्ल्या. नाकातोंडात पाणी गेलं. अप्पा काठच्या पायरीवर उभे होते, गुडघ्यापर्यंत पाण्यात, हात पुढं करून. पण धरलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यांनी कमी तासला. शेवटी एवढासा तुकडा राहिला, तेव्हा तो बांधायचा तेच विसरून गेले होते.

“हे मी विसरलो होतो,” सर म्हणाले.

 अप्पा रांगेच्या टोकाला गेले होते.

तिथं शेवटच्या खुंटीवर एक बिंडा होता. पूर्ण. चार बोटं जाड, वीतभर लांब. चारी कडा सरळ. सुरीचा एकही घाव नाही.

“हा कुणाचा?” मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

“सिद्रामचा.”

सिद्राम अप्पांच्या बहिणीचा मुलगा. पुढं मठ त्यानंच सांभाळायचा होता. बावीस वर्षांपूर्वी तो कालव्यात बुडाला. त्यानंतर अप्पांनी कुणाला पोहायला शिकवलं नाही. गावात सगळे एवढंच म्हणतात की पोरगं फार धाडशी होतं.

“फार धाडशी होता म्हणतात,” सरही तेच म्हणाले.

“म्हणतात.”

अप्पा भिंतीला टेकले. मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक होतं, मध्ये मध्ये थांबून. सिद्राम सगळ्यांत चपळ. बिंडा बांधला की विहिरीत साठ फेऱ्या मारायचा, न थांबता. श्रावणात मठाच्या जत्रेला तालुक्याचे लोक यायचे. काठावर गर्दी व्हायची. टाळ्या पडायच्या. अप्पांचं नाव लांबवर गेलं. एका शनिवारी सिद्रामनं सुरी मागितली. अप्पा म्हणाले, जत्रा होऊ दे. नंतर पुन्हा मागितली. अप्पा म्हणाले, साहेब लोक येणार हायेत, गटांगळ्या खाताना बघतील तर काय म्हणतील…

“दोनदा मागितली त्यानं,” अप्पा म्हणाले. “दोनदा.”

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली.

“जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर कालव्यावर गेला. बिंडा इथंच ऱ्हायला. त्याला वाटलं, आपल्याला पोहता येतंय… साठ फेऱ्या मारणाऱ्याला दुसरं काय वाटंल?”

 

अप्पांनी हातातली फाईल पाहिली. नाडीची गाठ एकदा ओढून घट्ट केली. मग सिद्रामच्या बिंड्याशेजारच्या रिकाम्या खुंटीला ती फाईल अडकवली.

ती जरा हलली, आणि थांबली.

 सर त्या दोन खुंट्यांकडे पाहत होते. दोनशे बारा पानं. मला त्यांची दया आली. आणि हेही लिहून ठेवतो की सांगून झालेल्या त्या सगळ्या टिपांच्या, परीक्षेआधी वाटायच्या प्रती नऊ वर्षं मीच यंत्रावर काढत होतो. ‘आकृती पान ४६ वर पाहावी’ हे वाक्य मी शेकडो वेळा छापलं असेल. एकदाही डोळ्यांत खुपलं नाही.

“शाळेचं मी बघतो,” सर अखेर म्हणाले. “आठवीपासूनच सुरी हातात देतो. टीप देणार नाही. प्रश्न त्यांनाच काढायला लावतो. गटांगळ्या खाऊ देतो, मी काठावर असेपर्यंत. निकाल खाली आला तरी चालेल.”

अप्पांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“पण ते पुढच्या पोरांचं झालं,” सर म्हणाले. “हिचं काय? परवा परीक्षा आहे. रिकाम्या हातानं तिच्याकडं कसा जाऊ? तिला काय देऊ?”

अप्पा परत ओसरीवर येऊन बसले. तबक पुढं ओढलं, पण पानाला हात लावला नाही.

“सिद्रामला बाहेर काढला तवा माझी बहीण आली,” ते म्हणाले. “मला म्हणाली, दादा, तू शिकवलेलं पोर बुडलं कसं? मी म्हणालो, फार धाडशी होतं गं. ऐकायचं न्हाई.”

सर ओसरीच्या पायरीवर उभे होते.

“तिनं ते खरं मानलं. कुणी विषय काढला की म्हणायची, माझ्याच पोराची चूक. सतरा वर्षं म्हणत होती. दवाखान्यात शेवटी माझा हात धरला, तवाबी तेच म्हणाली…”

अप्पांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच गालावर राहिलं.

“मी हात धरून बसलो हुतो. सुरीचं बोललो न्हाई.”

वारा पडला होता. विहिरीतलं पाणी दिसत नव्हतं, नुसता ओलसर वास येत होता.

“संयोगिता काय म्हणती?” अप्पांनी विचारलं. “चूक कुणाची म्हणती?”

सरांनी खाली पाहिलं. “आईला म्हणाली, मला अक्कलच नाही. मी तिथं जायच्या लायकीची नव्हते.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी… मी म्हणालो, पुढच्या वेळी नीट लिही.”

अप्पांनी तबकातलं एक पान उचललं. बोटांत धरून ठेवलं. कुंभारांना निरोप धाडण्याचं ते काही बोलले नाहीत आणि सरांनीही पुन्हा विचारलं नाही. सरांच्या हातात तो अंगठ्याएवढा तुकडा अजून होता.

“माझी बहीण गेली, भूपाल. आता कुणाला सांगू?” अप्पा म्हणाले. “कुंभाराचं घर हितनं किती लांब हाय रं?”