भिंतीवरचं कडं

“...म्हणजे भिंत खोटं बोलेल का, बुवा?”

“भिंत कशाला खोटं बोलेल?” माणिकबुवा म्हणाले. “तिला काय मिळणार आहे?”

निहारला हे उत्तर नको होतं. त्याला भांडण हवं होतं.

सिंदफणा नदीच्या काठी एक लहानसा मठ आहे. माणिकबुवा तिथले गुरू. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचे डोळे गेले. निहार तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तास संपले की सायकल हाणत मठात यायचा, गाणं शिकायला.

शिकायला म्हणजे एकच सूर लावायला. बुवा पेटीवर षड्ज धरायचे आणि निहारने आपला आवाज त्यात मिसळायचा. दुसरं वर्ष चाललं होतं.

मठाची एक रीत आहे. पहाटे समाधीपुढची भूपाळी अंधारात होते. ती संपल्यावरच दिवा लागतो. भूपाळी एकट्याने म्हणायची, आणि कोणी म्हणायची ते बुवा ठरवतात. उद्यापासून उत्सव होता. निहारला उद्याची भूपाळी हवी होती. दुसरं काही नको होतं.

बुवा म्हणत, “अजून नाही.”

का नाही, ते सांगत नसत.

निहारची यात चूक काय? माणसाने कारण विचारावं, पुरावा मागावा. नुसत्या ‘अजून नाही’वर तरुण माणसाने किती दिवस काढायचे? म्हणून आज तो आपला प्रयोगच घेऊन आला होता.

पत्र्याचे दोन डबे, बूड कापून आरपार केलेले. प्रत्येकाच्या एका तोंडावर ताणून बसवलेला फुगा. फुग्यावर चिकटवलेला नखाएवढा आरसा. कौलांतून येणारा कवडसा एका आरशावर पडे, तिथून दुसऱ्यावर, आणि तिथून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर. एक डबा पेटीला लावलेला. दुसरा निहारच्या तोंडाशी.

“पेटी वाजली की भिंतीवरचा ठिपका उभा थरथरतो,” तो सांगत होता. “मी गायलो की आडवा. दोन्ही एकदम झाले की त्याचं कडं होतं. सूर जरा हुकला तर कडं कलंडत राहतं, चपटं होतं, पुन्हा फुगतं. आणि तंतोतंत जुळला...”

“तर?”

“तर जागच्या जागी थांबतं.”

“आणि पोहे?” स्वयंपाकघराच्या दारातून गोदाक्का गरजली. मठाचं सगळं रांधणं तिच्याकडे. “माझे डबे कापलेस मेल्या! उद्या उत्सवाचे पोहे कशात ठेवू? तुझ्या डोक्यात?”

“नवे आणून देतो, अक्का.”

“तिथं तरी कुठं जागा आहे म्हणा. फुगे भरलेत सगळे!”

बुवा खूप हसले. मग त्यांनी हात पुढे केला.

“मला दाखव.”

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रात्र-रात्र जागून त्याने आवाजाचा प्रकाश केला होता, आणि तो दाखवायचा होता बुवांना...

त्याने बुवांचं बोट धरून अलगद फुग्यावर टेकवलं, आणि डब्यात तोंड घालून सूर लावला.

बुवांचा चेहरा उजळला.

“गोदे! अगं, हा श्वास घेतोय!” त्यांनी बोट काढलं, पुन्हा टेकवलं. “फार छान केलंस रे पोरा. फार छान.”

ते मनापासून बोलत होते. निहारची पंचाईत झाली. कौतुक करणाऱ्याशी भांडायचं कसं?

“मग आता ऐका,” तो म्हणाला.

बुवांनी भाता हलवला. निहार भिंतीकडे टक लावून गायला. कडं उमटलं, कलंडलं, चपटं झालं. निहारने सूर किंचित चढवला... आणि कडं थांबलं.

“थांबलं की खरंच!” गोदाक्का पुढे आली. “बांगडी टेकवून ठेवल्यासारखं.”

“पाहिलंत?” निहारला धाप लागली होती. “तुमचा कान म्हणतो नाही. भिंत म्हणते हो. कोणाचं मानायचं?”

“भिंतीचं.”

“...काय?”

“सूर बरोबर होता. भिंतीचं खरं आहे.”

“मग उद्या मी...”

“भूपाळी अंधारात असते.”

“ते माहीत आहे मला.”

“मग डोळे मीट आणि गा.”

“आणि कडं थांबलं की नाही, ते कोण बघणार? अक्का?”

“मला पोळ्या लाटायच्यात,” म्हणत गोदाक्का आत गेली.

“मी आहे की,” बुवा म्हणाले.

हसावं की नाही, निहारला कळेना.

त्याने डोळे मिटले. सूर लावला. पापणीच्या फटीतून भिंतीकडे पाहिलं.

पेटी थांबली.

“उघडलेस.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सूर तिकडे पळाला.”

पुन्हा पेटी. पुन्हा सूर. पुन्हा फट...

पेटी थांबली.

“तुम्हाला मला गाऊच द्यायचं नाही!” निहार ओरडला. “सरळ सांगा ना तसं! मी आपला कवडसा मावळेपर्यंत तुमच्या परीक्षा देत बसू?”

भाता हलत राहिला. पेटीचा षड्ज नुसता वाजत होता... कोणालाही बोलवत नव्हता, कोणाला जा म्हणत नव्हता.

रागात निहारने डोळे घट्ट मिटले.

आधी त्याला मनातही कडंच दिसत होतं. त्याने ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. ते निसटलं. मग राग आला, मग उद्याची काळजी आली, मग पोळ्यांचा खमंग वास आला. त्याने श्वास घेतला आणि सूर पुन्हा लावला. पुन्हा घेतला, पुन्हा लावला. यातली पेटी कोणती आणि आपण कोणते, हे मधे कुठेतरी त्याला सांगता येईना. सांगावंसंही वाटेना.

कोणी थांब म्हटलं नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा भिंत कोरी होती. कवडसा आरशावरून घसरून जमिनीवर उतरला होता. बुवांचे हात मांडीवर होते आणि पेटी मिटलेली होती. ती कधी मिटली...



“काय रे,” बुवांनी विचारलं, एखाद्या लहान मुलाच्या उत्सुकतेने. “थांबलं होतं का कडं?”

निहारने कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि त्याला हसू आलं.

“माहीत नाही, बुवा.”

“मग उद्याची भूपाळी तू म्हण.”