अण्णाच्या कॉम्प्युटरला विभूती

"पुन्हा निळा झाला?" अज्जांनी विचारलं.

"झाला की. दिसत नाही का तुम्हाला?" ईरेश म्हणाला.

मठाचे स्वामी रेवणय्या अज्जा, त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. पुजारी दारातच थबकला. अज्जांनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

सभामंडपात, माईकसाठी ठेवलेल्या प्लगजवळ ईरेशनं कॉम्प्युटर मांडला होता. डबा रिक्षात पायाशी आणि पडदा मांडीवर धरून त्यानं तो सोलापुरातून इथवर आणला होता. आता त्या पडद्यावर निळ्याशिवाय काही उरलं नव्हतं. दोन ठिपके, त्यांच्या शेजारी एक उतरलेलं तोंड, आणि खाली इंग्रजी ओळी.

"बघा, कसं तोंड वाकडं करतो माझ्यावर. नुसता चालू ठेवला तर गप चालतो. अण्णाचं डिझाईन उघडलं की हत्तीची सोंड दिसते, कान दिसतो... की निळा! मुद्दाम करतो बघा."

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बसवंत. चादरीच्या कारखान्यांना नक्षी काढून द्यायचा. पडद्यावर बारीक बारीक चौकटी, एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. अण्णा रेघ काढायचा, ईरेश शेजारी स्टुलावर बसून रंग भरायचा. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही, पण त्या स्टुलावरून त्याला उठवावं लागे.

शेवटी शेवटी अण्णानं चादरीसाठी हत्ती काढायला घेतला होता. पहिल्या दिवशी तो बघून ईरेश म्हणाला होता, "हत्ती आहे का डुक्कर रे हे?" अण्णा म्हणाला होता, "पुरा होऊ दे, मग बोल."

मग अण्णाला ताप आला. डेंग्यू. हत्ती पुरा झाला की नाही, ते ईरेशला ठाऊकच नव्हतं.

"दुकानात दाखवलास?"

"दाखवला. फॉरमॅट मारायचं म्हणाला. म्हणजे सगळं पुसून टाकायचं, पाटी पुसल्यासारखं. त्याला म्हटलं, तुझं थोबाड पुसू का आधी?"

"खोलून बघितला का त्यानं?"

"हात लावू देईन मी? त्या स्क्रूवर अण्णानं चिकटपट्टी लावलीय. त्याच्या हातची. ती कुणी काढायची नाही."

"बरं..."

"काकू म्हणते, बसूचा जीव अडकलाय त्याच्यात, नदीला सोडून ये. मी म्हटलं, अडकलाय ना? मग अडकू दे. देवानं एकदा नेला. आता जे राहिलंय ते मी देत नसतो. बघतोच कोण नेतो ते."

अज्जा कॉम्प्युटरभोवती हळूहळू फिरले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले. डब्यावर विभूतीचे तीन पट्टे होते, ताजे. त्यांच्याखाली जुने. बाजूला हवा आत जायला जाळी होती. तिची भोकं पांढरी झाली होती.

"हे काय?"

"तुमचीच आहे. अण्णाला मातीत ठेवलं त्या दिवशी पुडी दिलीत. रोज लावत जा म्हणालात. संपली की पुजाऱ्याकडून नवी नेतो."

"मी तुझ्या कपाळाला लाव म्हणालो होतो."

"मला नको. तुमच्या देवाचं मला काही नको. मी ह्याला लावतो. आधी बोटानं लावायचो, जाळीवर पण. निळा व्हायला लागला तसा जास्त लावला. आता मूठभर जाळीतून आत पण सोडतो. तरी ऐकत नाही! मग विभूती खोटी म्हणायची का तुम्ही खोटे? तेवढं सांगा, मी जातो."



अज्जांनी कोनाड्यातल्या ताटलीतून मूठभर विभूती घेतली.

"ये इकडं."

ईरेश आला. मान ताठच. कपाळ पुढं करायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

अज्जांनी कपाळाला हात लावलाच नाही. विभूतीनं भरलेला तळवा त्यांनी त्याच्या नाकातोंडावर दाबला. दुसऱ्या हातानं मान धरली.

म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं ईरेशला वाटलं नव्हतं. त्यानं मान झटकली, अज्जांचा हात ओढला, शेवटी ढकललंच त्यांना. खोकत खोकत खांबाला टेकला. डोळ्यांतून पाणी, मिशीच्या कोवळ्या लवेवर पांढरी भुकटी.

"काय करताय ओ! जीव घेताय का?"

"विभूती लावतोय."

"नाकात?"

अज्जांनी हात झटकले आणि खाली बसले.

मंडपात दुसरा आवाज नव्हता. डब्यातला पंखा तेवढा घरघरत होता. सर्दी भरल्यासारखा, अडकत, धापा टाकत.

ईरेश खोकता खोकता थांबला.

त्यानं जाळीकडं बघितलं. मग आपल्या तळहातावरच्या पांढऱ्या थुंकीकडं.

"म्हणजे... मीच?"

अज्जांनी नुसतं डब्याकडं बघितलं.

"मी नाही! विभूती तुमची. तुम्ही दिली."

"होय. मी दिली."

ईरेश भांडायला तयार होता. मुठीसुद्धा आवळलेल्या होत्या. पण समोरून काहीच आलं नाही. त्या मुठींचं काय करावं, त्याला कळेना.

शेवटी मुठी सोडून तो म्हणाला, "स्क्रूड्रायव्हर आहे का?"

"माईकच्या पेटीत असेल."

प्लग काढून तो डब्याजवळ मांडी घालून बसला. चिकटपट्टीचं टोक नखानं उचललं. परत दाबलं. परत उचललं.

पट्टी निघाली. तिच्या आतल्या बाजूला, चिकट अंगावर, एक अंगठा उमटलेला होता.

ईरेशनं ती आपल्या मनगटावर चिकटवली. अंगठा आत.

डबा उघडला, आणि आतलं बघून तो शिवी देता देता राहिला. पंख्याची पाती दिसतच नव्हती. पिठाच्या गिरणीत लोळलेल्या उंदरासारखं सगळं पांढरं.

अज्जांनी रंगरंगोटीतून उरलेला एक मऊ ब्रश पुढं केला. ईरेश डबा घेऊन बाहेर पायरीवर गेला. एकेक पातं झाडत राहिला, फुंकत राहिला. विभूती वाऱ्यावर उडाली, थोडी त्याच्या केसांत बसली, थोडी कपाळावर. ती त्यानं पुसली नाही. त्याला ते कळलंही नसावं.

मग परत मंडप. परत प्लग.

पंखा फिरला. आता त्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागत होता.

हत्ती उघडायला लागला. सोंड आली. कान आला. ईरेशनं दात दाबून धरले... पाठ आली. झूल आली, तिच्यावर बारीक फुलं, अजून बिनरंगाची. शेपूट आली.

निळं काही आलं नाही.

ईरेश पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"अय्यो... अण्णा! तीनच पाय काढलास की रे!"

तो हसायला लागला. हसत हसत खाली बसला. मग ते हसू राहिलं नाही. अज्जा शेजारी बसून होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

मग ईरेशनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"झालं. बघायचं होतं, बघितलं. आता बंद करतो. घरी काचेच्या कपाटात ठेवतो. कुणी हात लावायचा नाही, मी पण नाही. त्यानं सोडला तसाच राहणार हा."

"रंग तूच भरायचास ना?"

"रंग. रेघ त्याची."

"तुला रेघ येत नाही?"

"येते! त्याच्याएवढी नाही, पण येते. पण काढणार नाही. तुम्ही सांगितलं तरी काढणार नाही. प्रत्यक्ष देव आला तरी नाही."

"मी कुठं सांगतोय?"

"मग झालं तर."

ईरेश उठला. बटणाकडं हात नेला. मनगटावरची पट्टी उन्हात चमकली.

अज्जा पडद्याजवळ सरकले. डोळे बारीक करून हत्तीकडं बघत राहिले.

"कर बंद. फक्त त्या बिचाऱ्याला आधी विचार, तीन पायांवर किती दिवस उभा राहणार आहेस म्हणून."