आधी थेंब, मग नाच

एका देवराईत, जुन्या जांभळीच्या ढोलीत, मधमाश्यांचं एक कुटुंब राहत असे. कुटुंब केवढं, तर ओळीनं उभं केलं असतं तर पार गावच्या वेशीपर्यंत पोचलं असतं. त्यात एक होती मास्तरीण, एक होती फाटकी आजी आणि एक होती धाकटी. या तिघींची ही गोष्ट. तशी एक चौथीही आहे, पण ती अजून जन्मायची होती. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

मुलांनो, मधमाश्या एरवी दिवसभर गुणगुणत असल्या, तरी फुलाची वाट त्या बोलून सांगत नाहीत. नाचून सांगतात. फूल सापडलं की घरी यायचं आणि पोळ्यावर नाच धरायचा. नाचणारी जिकडे झुकून धावली तिकडे फूल, जितकं लांब धावली तितकं ते लांब. ढोलीत अंधार, म्हणून बाकीच्या तिच्यामागं मिशांनी चाचपत फिरतात. नाच संपला की त्या म्हणायच्या, "थेंब दे." मग नाचणारी आपल्या तोंडातला रसाचा थेंब त्यांच्या तोंडात घालायची. चव पटली की सगळ्या भुर्रकन उडायच्या. त्या घरची ही जुनी रीत.

फार मागं, एका वाईट सालात, कुणा पणजीनं ओढ्यापलीकडचा मोहरलेला आंबा शोधून सगळं घर वाचवलं होतं. तिचा तो नाच कुणी विसरू नये म्हणून मास्तरणीनं शाळा काढली. हेतू चांगलाच होता, नाही कशाला म्हणू? पण होता होता काय झालं, कुणाची रेघ सरळ येते, कुणाची कंबर एका लयीत थरथरते, एवढंच बघायचं राहिलं. पहिली येईल तिला राणीजवळ बसायचा मान मिळू लागला. आणि थेंब मागायची रीत मास्तरणीनं बंदच केली. म्हणाली, "नाचायची जागा चिकट होते. पाय अडकतात पोरींचे."

धाकटी शाळेत सगळ्यांत हुशार. अजून तिनं ढोलीबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. सकाळी ती पोळ्याच्या शेवटच्या ओळीतल्या, अगदी कोपऱ्यातल्या घरात एका बाळाला भरवायची आणि दुपारी आंब्याचा नाच घोकायची. भरवता भरवता बाळाला सांगायची, "चिमणे, तू बाहेर ये तर खरी. असा नाच शिकवीन ना तुला, बघत राहतील सगळ्या!" मग एक दिवस त्या घरावर मेणाचं झाकण बसलं. आत बाळाला पंख फुटायला लागले. अजून आठ दिवस, की ती झाकण कुरतडून बाहेर येणार होती.

फाटक्या आजीला मात्र नाच कधी साधलाच नाही. जन्मभर करवंदीच्या जाळ्यांतून जा-ये करून तिच्या पंखांच्या कडा झिजून फाटल्या होत्या, म्हणून ते नाव. ती नाचायला लागली की शाळेतल्या पोरी खिदळायच्या.

"आजी, हा नाच आहे, की पाय भाजले तुझे?"

"भाजलेच गं बायांनो," आजीही हसायची. "बाहेर ऊन काय कमी आहे? हा घ्या थेंब, बघा तरी."

"ई! कसला वास येतोय!" म्हणून पोरी तोंड फिरवायच्या.

त्याच सुमारास वैशाख लागला. बरीचशी झाडं फुलून मोकळी झाली. पोळ्यातला मध खाली खाली जाऊ लागला. त्यातच शाळेची परीक्षा आली, आणि धाकटी आंब्याचा नाच नाचली. काय नाचली! रेघ अशी सरळ, की ओळंबा लावावा. पंखांची घरघर कुठं तुटली नाही. मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रसाच्या शोधात गेलेल्या चाळीसएक मावश्या उपाशीपोटी, रिकाम्या हातानं परतल्या. त्यांनी तो नाच चाचपला आणि एकच गलका झाला, "आंबा! ओढ्यापलीकडे आंबा मोहरलाय!" नाच इतका देखणा होता, की थेंब मागायचं कुणाला सुचलंच नाही. होती नव्हती ती ताकद पंखांत आणून सगळ्या उडाल्या.

संध्याकाळी त्यांतल्या सातजणी परत आल्याच नाहीत. आल्या त्या दाराशीच कोसळल्या. एक मावशी धापा टाकत म्हणाली, "पोरी, तिथं तर कैऱ्या लोंबताहेत. मोहर माघातच गळून गेला. तू कुठं बघितलास मोहर?"

धाकटी म्हणाली, "मी बघितला नाही, मावशी. मला तसं शिकवलंय."

मास्तरणीनं दाराशी पडलेल्या मावशीला धरून आत नेलं.

मग थोरल्या बसल्या आणि ठरलं, की परवा सकाळी घर सोडायचं. उरलासुरला मध पोटात भरून दुसरं रान शोधायचं. धाकटी पुढे झाली. "मग झाकणाआडच्या बाळांचं काय?" झाकणाआडची बाळं उचलून नेता येत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

धाकटी कोपऱ्यातल्या त्या घरापाशी गेली. झाकणाला कान लावला. आत काहीतरी बारीक चुळबुळलं. तशीच ती उठून आजीकडे गेली.

"आजी, मला शिकव."

"मी काय शिकवणार, बाई? मला धड नाचता येत नाही."

"नाच नको. फूल कसं ओळखायचं ते शिकव."

आजीनं आपले फाटके पंख झटकले. म्हणाली, "चल मग. उजाडलं की सकाळच्या गारव्यातच निघू."

धाकटीनं जन्मात पहिल्यांदा उजेड बघितला. काही चकाकलं की ती झेपावे. जवळ जाऊन बघते तर कोशिंबाच्या झाडाची पालवी! पुन्हा पिवळं दिसलं की धावली, तर ते वाळकं पान. ती हिरमुसली. आजी म्हणाली, "लांबून सगळं फूलच वाटतं, पोरी. जवळ जावं, पाय टेकावेत, जीभ लावावी आणि मगच फूल म्हणावं. मी तरी दुसरं काय केलं आयुष्यभर?"

चढत चढत दोघी टेकाडावर पोचल्या. तिथं एक हिरडा उभा होता. फुलं बारीक, मळकट पांढरी, आणि वास तर नाक मुरडावं असा.

"आजी, याला तर वास येतो!"

"येऊ दे. जीभ लाव."

धाकटीनं जीभ लावली आणि चाटतच राहिली. गोड, दाट, पोटभर गोड! झाड तर फुलांनी गच्च भरलेलं होतं. "आजी! हे तू घरी सांगितलं का नाहीस?"

"चार दिवस सांगतेय की. पण माझा नाच वाकडा, आणि थेंब कुणी घेत नाही."

धाकटीची मान खाली गेली. तोंड फिरवणाऱ्या पोरींत ती पुढे होती. आजीनं आपल्या पायानं तिच्या डोक्यावरची धूळ झाडली. "असू दे. आता पोट भरून घे आणि सूट. माझ्या पंखांत काही जीव राहिला नाही. मी बसते इथंच पानाआड."

"तुला सोडून जाऊ?"

"न्यायला ये की मला! एकटी मात्र येऊ नकोस. चांगल्या शंभरजणी घेऊन ये."

धाकटी निघाली. पोट जड, वारा तोंडावर. दोनदा ती खाली आपटली, दोनदा उठली. घरी पोचली आणि तशीच पोळ्यावर नाचू लागली. डोळ्यांपुढे परीक्षा नव्हती, फक्त तो हिरडा होता, आणि पानाआडची आजी. रेघ हलत होती.

"हीच ती, काल फसवणारी," कुणीतरी म्हणालं. मावश्यांनी पाठी फिरवल्या.

मास्तरणीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "रेघ वाकडी येतेय!"

धाकटी थांबली. चालत मास्तरणीपुढं गेली. "रेघ वाकडीच आहे, बाई. पण थेंब घ्या."

मास्तरणीनं किती दिवसांत कुणाचा थेंब घेतला नव्हता. ती घुटमळली. मग तिनं तोंड उघडलं.

मास्तरीण डोळे मिटून उभी होती. म्हणाली, "हिरडा. माझ्या थोरल्या बहिणीनं मला पहिला थेंब दिला तो हाच. चव विसरलेच होते मी." आणि मग एकदम ओरडली, "अगं, माझ्या तोंडाकडे काय बघताय? थेंब घ्या आणि उडा!"

शंभर निघाल्या, मागोमाग दोनशे निघाल्या. पानाआडची आजी त्यांना बघून म्हणाली, "आलात? किती वेळ लावलात गं!" त्यांनी तिला थेंब थेंब भरवलं, तिच्याभोवती दाटी करून सावली केली. दुसऱ्या दिवशी, घर सोडायचं ठरलेल्या त्या सकाळी, उताराच्या वाऱ्यावर अलगद घसरत आजी घरी आली. घर सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढलीच नाही.

मास्तरणीनं शाळा बंद केली नाही हं. पणजीचा नाच अजूनही ती शिकवते. पण आता आधी पोरींना बाहेर फुलापाशी नेते, आणि नाचायची जागा चिकट झाली तर स्वतः पुसून काढते.

ते आठ दिवस भरले तेव्हा कोपऱ्यातलं मेणाचं झाकण आतून कुरतडलं गेलं. दोन मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग ओले पंख. हीच ती आपली चौथी. पोळं काठोकाठ भरलं होतं, दाराशी आजी ऊन खात बसली होती. चिमणीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, मला नाच शिकवणार होतीस ना?"

"शिकवीन गं," धाकटी म्हणाली. "आधी तोंड उघड."

तात्पर्य : जे शिकावं ते स्वतः चाखून बघावं आणि भुकेल्याच्या तोंडी पोचवावं, शिक्षण असतं ते त्यासाठीच.