चाळीस निबंधांचे साहेब

"रेणुकाबाईंनी म्हणे मुलाखतीत अध्यक्षांचं तोंडच बंद केलं, आता त्यांची नोकरी..." एवढं बोलून जिन्यातल्या घोरपडेवहिनी मला बघून गप्प झाल्या. मला कुठला धीर निघतोय. दडपे पोहे घेऊन मी थेट रेणुकाताईंचं दार वाजवलं.

ताई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवतात. निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत, म्हणजे बढती मिळून प्राध्यापक होण्याची ही मुलाखत शेवटची संधी.

"खरं काय झालं?" मी विचारलं.

"निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, 'आठ वर्षांत गवतावर दोनच शोधनिबंध? बाई, मी वर्षाला चाळीस छापतो.'"

"मग तुम्ही?"

"म्हटलं, 'सर, मला वाचायला आवडतील. गेल्या वर्षीच्या फक्त पाचांची नावं सांगता?' दोन सांगितली, तिसऱ्याला अडखळले आणि चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, 'राहू द्या सर. माझ्या दोनांतलं काहीही विचारा, कुठलं गवत कुठल्या कड्यावर उगवतं तेसुद्धा सांगते.' मग बाकीचे सदस्य तासभर गवताबद्दलच विचारत राहिले."

"आणि नोकरी?"

ताईंनी पोहे तोंडात टाकत बढतीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. वहिनींच्या बातमीतलं अध्यक्षांचं तोंड बंद झाल्याचं तेवढं खरं होतं.